माझे संकेतस्थळ

आमच्या सावेडीच्या कॉलनीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. सकाळी फिरायला निघालो की आमची रोज गाठ पडते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले, "गुरुजी, मी एक संकेतस्थळ तयार करतो आहे." गुरुजी जागच्या जागी थांबले. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "सूनबाईंना ठाऊक आहे का?"

वाचकहो, चूक गुरुजींची नव्हती. त्यांच्या काव्यशास्त्रात संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीने ठरवून भेटण्याची जागा. अंधाऱ्या रात्री, पायांतली नूपुरे वाजू नयेत म्हणून जपून पावले टाकीत, अभिसारिका जिकडे निघते ते ठिकाण. ते 'वेबसाइट' या शब्दाचा मराठी प्रतिशब्द म्हणून कुणी निवडले, देव जाणे. पण निवडणारा मोठा रसिक असला पाहिजे. मी गुरुजींना सारा खुलासा केला, तेव्हा ते मनमोकळे हसले. मात्र जाता जाता म्हणाले, "कुणीतरी कुणालातरी भेटणार असेल, तरच त्याला संकेतस्थळ म्हणावं. एरवी ती नुसती जागा." त्यांचे हे वाक्य मला पुढे सात-आठ महिने पुरले.

माझे वय शेहेचाळीस. महाविद्यालयात मराठी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करणे आणि निकालाचे तक्ते भरणे एवढाच. असा माणूस या फंदात का पडला, ते आधी सांगतो.

वाळवी आणि तबकडी

२००२ साली मी एम. ए.ला असताना जात्यावरच्या ओव्यांवर एक लघुप्रबंध लिहिला होता. नेवासे तालुक्यातल्या प्रवराकाठच्या तीन गावांत सायकलवरून हिंडून अकरा बायकांकडून चारशेवर ओव्या गोळा केल्या. त्या वेळी मला या कामाचा फार अभिमान होता. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या नेवाशात गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली असे आपण मानतो, त्याच परिसरात मीही काहीतरी उतरून घेतो आहे, असे तेव्हाच्या तरुण मनाला वाटत असे. पैसाच्या खांबापाशी बसून मी डबाही खाल्ला होता.

नगरमधल्या एका डीटीपीच्या दुकानात तो प्रबंध टंकित झाला. पुठ्ठ्याची बांधणी झाली आणि कव्हरवर सोनेरी अक्षरांत माझे नाव उमटले. माझी प्रत माळ्यावरच्या ट्रंकेत गेली आणि दुकानदाराने दिलेली एक तबकडी, म्हणजे सीडी, टेबलाच्या खणात राहिली. मूळ वह्या घर बदलताना कुठे गेल्या ते आजतागायत कळलेले नाही.

गेल्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझी आजी ओव्या म्हणायची. तुमच्या प्रबंधात आमच्या गावच्या ओव्या आहेत म्हणतात. बघायला मिळतील?" मी मोठ्या ऐटीत ट्रंक उतरवली. झाकण उघडले तर पुठ्ठा शाबूत आणि आत मातीची भुसभुशीत वारुळे! वाळवीने पहिली चाळीस पाने तेवढी माझ्यासाठी ठेवली होती. त्यांत प्रस्तावना होती, ऋणनिर्देश होता, ओवी छंदाच्या लक्षणांची चर्चा होती. ओव्या मात्र नव्हत्या. बायकांच्या नावांचे परिशिष्ट शेवटी होते, तेही गेले.

मग तबकडीची आठवण झाली. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांनी कुठूनसा तबकडी वाचणारा डबा आणला आणि फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि टोप्या घातलेले स्वर यांची खिचडी! चारशे ओव्या माझ्यासमोर होत्या आणि त्यांतला एक शब्द मला वाचता येत नव्हता.

अक्षराला क्रमांक हवा

असे का झाले, हे समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. ते इथे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ मराठी घरांत अशा मुक्या फायली पडून असतील.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. त्या काळच्या मराठी फाँटांनी एक युक्ती केली होती. संगणकाला वाटावे आपण इंग्रजी अक्षर साठवतो आहोत, पण पडद्यावर त्या जागी चित्र उमटावे 'क'चे किंवा 'म'चे. प्रत्येक कंपनीची अक्षरे वेगळ्या जागी बसवलेली. जोवर तो विशिष्ट फाँट संगणकात आहे तोवर मराठी दिसते. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी खिचडी उघडी पडते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातल्या लिप्यांना आपापले कायमचे क्रमांक मिळू लागले. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'ळ'चा २३५५. हे क्रमांक अमेरिकेत तेच, अकोल्यात तेच. 'ॲ' हे अक्षर मात्र २००८ साली या यादीत आले, तोवर 'ॲ' लिहिण्यासाठी मराठी माणसाला निरनिराळ्या खटपटी कराव्या लागत.

जुन्या फाइलचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या सोयी आहेत. चिरंजिवांनी तशी एक वापरली आणि खिचडीतून मराठी वर आली, पण कशी? सारे ऱ्हस्व इकार भलतीकडे गेलेले. याचेही कारण मजेदार आहे. 'दिवाळी' लिहिताना आपली वेलांटी 'द'च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटात ती आधीच साठवलेली असे. युनिकोड उच्चार पाहते. तिथे आधी 'द' आणि मग इकार. रफाराचे नेमके उलट. 'सूर्य' म्हणताना 'र्' आधी येतो, पण दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. रूपांतरात हे जिथे चुकले तिथे ओव्यांच्या वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसल्या होत्या. सौ. आणि मी रोज रात्री जेवणानंतर बसून त्या एकेक करून माघारी आणल्या. दोन महिने आमच्या घरी दूरदर्शन संच बंद होता.

हे काम चालू असताना मनात आले, की पुन्हा छापून पुन्हा ट्रंकेत ठेवायचे का? वाळवी काही संपावर गेलेली नाही. आपल्याकडे एक मोठे उदाहरण आहेच. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. त्या संग्रहातल्या ओव्या २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर वाचता आणि ऐकता येऊ लागल्या. त्या समुद्रापुढे माझी चारशेची ओंजळ. पण ओंजळ माझ्या हातून सांडली होती, तेव्हा ती मीच भरायला हवी होती.

पाटी, खोली आणि सामान

संकेतस्थळ म्हणजे काय, हे मला आमच्या चिरंजिवांनी भाड्याच्या घराच्या भाषेत समजावले. दारावर पाटी लागते, तिला म्हणतात डोमेन, म्हणजे स्थळाचे नाव. आत खोली लागते, तिला म्हणतात होस्टिंग, म्हणजे रात्रंदिवस चालू असणाऱ्या कुणाच्यातरी संगणकावरची जागा. आणि खोलीत सामान लागते, ती आपली पाने. पाटी विकत मिळत नाही. वर्षाच्या कराराने मिळते आणि दरवर्षी भाडे भरावे लागते. मला ती हजार रुपयांच्या आतबाहेर पडली. २०१४ पासून '.भारत' असे देवनागरी नावही घेता येते. मला तेच हवे होते. पण ज्यांना देवनागरी टंकन येत नाही अशा परदेशातल्या नातवंडांचा विचार करून मी रोमन लिपीतले नाव घेतले. मराठीच्या प्राध्यापकाने केलेली ही तडजोड सहकाऱ्यांना अजून पसंत नाही.

पानांची तयार बैठक देणाऱ्या सोयी पुष्कळ आहेत. २००३ साली निघालेले वर्डप्रेस त्यांत सर्वांत चलनी. रकाने भरावेत तसे भरले की पान तयार. पण मला चार भिंती स्वतः बांधायची हौस आली. त्याला कारण झाली एक गोष्ट.

जगातले पहिले संकेतस्थळ कुठले, याचा शोध घेताना टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाचे नाव पुढे आले. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत तो काम करीत होता. तिथे देशोदेशींचे शास्त्रज्ञ, त्यांचे नाना तऱ्हेचे संगणक, आणि एकाची माहिती दुसऱ्याला मिळायची पंचाईत. १९८९ साली त्याने वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला आणि १९९० च्या अखेरीस पहिले पान चालू केले. ज्या संगणकावर ते पान होते त्यावर त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती, 'हा बंद करू नका' अशा अर्थाची. कुणी बटण दाबले असते तर जगातले सगळे संकेतस्थळ, म्हणजे तेच एक, बंद पडले असते! पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ही सारी विद्या कोणताही मोबदला न घेता जगाला मोकळी करून दिली. मराठी माणसेही मागे राहिली नाहीत. परदेशस्थ मराठी मंडळींचे 'मायबोली' १९९६ साली सुरू झाले, तेव्हा वर सांगितलेले फाँटांचे रामायण अगदी भरात होते.

त्या पहिल्या पानाची रचना इतकी साधी होती की ती पाहून मला धीर आला. कोनी कंसात एक खूण लिहायची, मजकूर लिहायचा, आणि पुन्हा तीच खूण तिरपी रेघ देऊन लिहायची. 'पी' ही परिच्छेदाची खूण, 'एच-वन' ही मोठ्या मथळ्याची, आणि 'ए' ही दुसऱ्या पानाकडे नेणारी. ही उघडझाप विसरली की पान बिघडते. एकदा मथळ्याची खूण बंद करायला मी विसरलो, तर पुढच्या साठ ओव्या दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या निबंधांतली न मिटलेली अवतरणचिन्हे लाल शाईने दाखवणारा मी, त्या दिवशी मनातल्या मनात सर्वांची क्षमा मागितली.

फजितीची वही

नवशिक्याच्या फजित्या लपवण्यात अर्थ नाही. उलट, त्यांचाच उपयोग दुसऱ्याला होतो.

पहिली फजिती अक्षरांची. पान वर चढवले आणि उघडले, तर पुन्हा तीच टोपीवाल्या स्वरांची रांग! दोन महिन्यांच्या वेलांट्या पाण्यात गेल्या या कल्पनेने मला घाम फुटला. चिरंजिवांनी पाहिले आणि एक ओळ जोडली. पानाच्या डोक्यावर 'हा मजकूर यूटीएफ-एट पद्धतीने वाचावा' एवढी सूचना द्यायची राहिली होती. ओळ जोडताच सगळ्या ओव्या परत आल्या.

दुसरी फजिती चित्राची. जात्याचे एक सुरेख छायाचित्र पहिल्या पानावर लावले. माझ्या घरी ते छान दिसे. पुण्याला मेहुण्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "इथे तुटलेल्या चौकटीचं चित्र दिसतंय. हेच जातं का?" चित्राचा पत्ता मी माझ्याच संगणकातल्या कप्प्याचा दिला होता. मेहुण्यांचा संगणक ते चित्र आमच्या सावेडीतल्या टेबलावर शोधणार कसा? पाहुण्याला जेवायला बोलावून ताट माजघरात कुलूपबंद ठेवावे, तसा हा प्रकार. चित्र पानांबरोबर वर चढवले, पत्ता बदलला, तरी दिसेना. फाइलच्या नावाचे पहिले अक्षर माझ्याकडे मोठ्या लिपीत होते आणि पानात लहान लिपीत. माझ्या संगणकाला तो फरक चालत होता. तिकडच्याला चालत नव्हता.

तिसरी फजिती गावाकडची. विद्यार्थिनीने आजोळी जाऊन पान उघडले आणि कळवले, "सर, जातं अर्ध्यावर येऊन थांबतंय." मोबाइलने काढलेले चित्र पाच एमबीचे होते. ते दीडशे केबीवर आणले. शिवाय अक्षरे मुंगीएवढी दिसत होती, कारण पानाने फोनच्या रुंदीप्रमाणे मावावे ही सूचनाही द्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हते.

एक आनंदाची गोष्टही सांगतो. पानाच्या अगदी आरंभी भाषा नोंदवण्याची सोय असते. तिथे मराठीची 'एमआर' ही दोन अक्षरी खूण घातली, की ज्या फाँटांत तशी व्यवस्था आहे त्यांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता आपल्या मराठी वळणाचे दिसतात. शिवाय आंधळ्यांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही कळते की हा मजकूर मराठी आहे. मी घाईने शेजारच्या गुरुजींना बोलावून तो 'ल' दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "हां, हा आपला."

निवेदक क्रमांक सात

आता या लेखातल्या खऱ्या अडचणीकडे येतो. ती संगणकाची नव्हती.

प्रबंधात मी ओव्यांखाली 'निवेदक क्र. १' ते 'निवेदक क्र. ११' असे लिहिले होते. ती त्या वेळची शास्त्रीय पद्धत, असे मला शिकवले गेले होते. माझे नाव सोनेरी अक्षरांत, आणि ज्यांच्या तोंडून ओव्या आल्या त्यांना नुसते आकडे! नावांचे परिशिष्ट तबकडीवर आले नव्हते, ते दुकानात वेगळे छापले होते. म्हणजे वाळवीने खाल्ले ते माझ्या हातून आधीच अर्धे पुसले गेले होते.

दुसराही प्रश्न होता. जात्यापाशी पहाटे दोघी बायका बसत, तेव्हा आजूबाजूला घर झोपलेले असे. सासूचा जाच, भावजयीचा आडपडदा, नवऱ्याचा अबोला हे सारे त्या अंधारात बोलले जाई. २००२ साली बायकांनी ते एका पोरसवदा विद्यार्थ्याला सांगितले. त्याच्या वहीत राहील म्हणून सांगितले. ते साऱ्या जगापुढे मांडायचा अधिकार मला कुणी दिला?

दिवाळीच्या सुटीत मी त्या विद्यार्थिनीला आणि तिच्या आईला बरोबर घेऊन पुन्हा त्या गावांत गेलो. सायकलऐवजी या खेपेस मोटार होती आणि वाटेत जिकडेतिकडे ऊस. अकरांपैकी चौघी हयात निघाल्या. इतरांचा पत्ता ओव्यांवरूनच लागला. ओवीत भावाचे नाव आले, माहेरचे गाव आले, की गावातली म्हातारी माणसे ओळखीत, "ही अमक्याची आई." एका घरी मी दोन ओव्या वाचल्या तोच चुलीपुढची मध्यम वयाची बाई उठून बाहेर आली आणि म्हणाली, "ही माझ्या आईची हाय." निवेदक क्रमांक सात त्या घरातली होती. बारा वर्षांपूर्वी ती वारली होती.

मी परवानगीचे विचारले. ती बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घाला. पण आईचं नाव घाला. आन् निस्तं सासरचं नको, माहेरचं गाव बी लिवा. वव्यांत तिनं समदं माहेरच गायलं हाय."

ज्या चौघी हयात आहेत त्यांतल्या थोरल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे जाते आता तुळशीवृंदावनाच्या पायरीला बसवले आहे. सासूबद्दलची एक तिखट ओवी मी भीतभीत वाचून दाखवली आणि विचारले, "आजी, ही ठेवू का काढू?" आजी तोंडाला पदर लावून हसल्या. "सासू कवाच गेली रं मास्तर. लाव खुशाल." मग शेजारच्या घराकडे पाहून हळूच म्हणाल्या, "पर ती भावजयीची नगं लावू. ती अजून हाय, आन् आता लई जीव लावती मला." ती ओवी मी काढली. संग्रहातली ती सर्वांत चांगली ओवी होती, एवढेच सांगतो.

आजींनी जात्याशिवाय, नुसते मांडीवर हात फिरवीत, तीन ओव्या म्हटल्या. विद्यार्थिनीने त्या फोनवर टिपल्या. आता संकेतस्थळावर त्यांचा आवाज आहे. शेवटी कुत्रे भुंकते, तेही ठेवले आहे.

संकेतस्थळाची मांडणी मी परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून केली. आधी ओव्या विषयवार होत्या. आता दारातून आत गेले की बायकांची नावे दिसतात, नावाखाली सासरचे आणि माहेरचे गाव, आणि नावावर बोट ठेवले की त्यांच्या ओव्या. अकरांपैकी दहा नावे मिळाली. निवेदक क्रमांक नऊ कोण, हे तिन्ही गावांत कुणालाही सांगता आले नाही. तिच्या पानावर लिहिले आहे, 'नाव मिळाले नाही. कुणास ठाऊक असल्यास कळवावे.' माझे नाव सर्वांत खाली, लहान अक्षरांत आहे. तिथेच ते शोभते.

भाडे भरायची आठवण

हे सारे टिकेल का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, आपोआप मुळीच टिकणार नाही. जिओसिटीज नावाच्या सोयीवर एके काळी लाखो हौशी लोकांनी फुकट संकेतस्थळे बांधली होती. २००९ साली ती बंद झाली आणि त्यांतले जे काही वाचले, ते इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी व काही कळकळीच्या मंडळींनी वेळेवर नकला करून ठेवल्या म्हणून. कागदाला वाळवी लागते आणि संकेतस्थळाला विस्मरण. पाटीचे भाडे चुकले की पाटी उतरते.

म्हणून मी तीन गोष्टी केल्या आहेत. साऱ्या पानांची एक प्रत माझ्याकडे आणि एक त्या विद्यार्थिनीकडे आहे. दुसरे, सगळ्या ओव्या मोठ्या टायपात छापून त्यांची शिवलेली पुस्तके त्या अकराही घरी, नव्हे दहा घरी, दिली आहेत. तिसरे भाड्याचे. आमचे आजोबा कापडबाजारात एका पेढीवर मुनीम होते. लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी उघडून ते पहिली नोंद करीत. ती प्रथा घरात मागे पडली होती. या वर्षीपासून ती पुन्हा सुरू करायची ठरले आहे. पूजेच्या पाटावर नवी वही ठेवायची आणि पहिली ओळ लिहायची ती संकेतस्थळाचे वर्षाचे भाडे भरल्याची. आमच्या मागून ती चिरंजिवांनी लिहावी, असे मी त्यांना सांगितले आहे. त्यांनी मान हलवली. फोनमधून डोके वर न काढता हलवली, पण हलवली.

परवा गुरुजी फिरताना भेटले. म्हणाले, "काय, तुमच्या संकेतस्थळी कुणी भेटलं का?"

मी त्यांना सांगितले, की चार दिवसांपूर्वी पुणे जिल्ह्यातून एका बाईंचे पत्र आले. क्रमांक नऊच्या ओव्यांत ज्या दोन भावांची नावे आहेत, ती त्यांच्या मामांची आहेत. त्या दिवाळीनंतर नगरला येणार आहेत. येताना आईचा फोटो घेऊन येते म्हणाल्या.